हिराबायची बारा पावलं

शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी दोरी ताणली. दर शनिवारी ताणायचो, तशीच. आमच्या अंगणाच्या भिंतीत दोन खिळे आहेत, एक नळाजवळ आणि एक शेवग्यापाशी. दोघांच्या मधलं अंतर छत्तीस फूट. दोरीचं एक टोक मी नळाकडच्या खिळ्यावर दाबून धरलं. दुसरं टोक हिराबाय ओढत शेवग्यापर्यंत घेऊन गेली आणि दोरीतली गाठ खिळ्यावर बसते का ते वाकून बघू लागली. नाही बसली. चार बोटं पुढं गेली.

"दोरी सैल पडली," मी म्हटलं.

"दोरी न्हाय, तुमचा हात सैल पडला. नीट धरा."

नीट धरली. तरी चार बोटं पुढंच.

"आता बोल."

"आता दोरी सैल पडली," ती म्हणाली, आणि दातांनी गाठ सोडायला बसली. दात पाच-सहाच उरले होते, पण होते ते कामाचे. गाठ सोडली, चार बोटं मागं घेऊन पुन्हा मारली, आम्ही पुन्हा ताणली. बसली बरोबर. मग तिनं दुसऱ्या दिवशी मैदानावर रेघा मारायची फक्की चाळून डब्यात भरली, हात धुतले, जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी केली. जेवलो. ती जरा आडवी झाली. तीनच्या सुमाराला मी चहा ठेवला आणि हाक मारली. उठली नाही.

झालं एवढंच. डॉक्टर आला तो म्हणाला, झोपेतच गेल्या.

आता क्लबची पोरं म्हणतात, काका, आपल्या फुटबॉल क्लबला एवढी वर्षं झाली, पुस्तक काढतोय, तुम्ही क्लबचा इतिहास लिहून द्या, आता तुम्हालाच सगळं ठाऊक. मी चौथीपर्यंत शिकलेला. कोणत्या साली कप जिंकला ते मला आठवत नाही, आणि मी क्लबचा माणूसही नाही. मी खारबावचा, लग्न करून या गावात घरजावई म्हणून आलो. क्लब बायकोच्या बापाचा, आणि बापानंतर बायकोचा. माझं काम दोरीचं टोक धरायचं. तेव्हा त्या टोकाकडनं जेवढं दिसलं तेवढं लिहितो. तोंडावर मी तिला नावानं कधी हाक मारली नाही, पण सगळा तालुका हिराबाय म्हणायचा, तेच लिहितो.

तिचा बाप गोमातात्या. माणूस ताडासारखा उंच, खाडीत रेतीच्या होड्या चालवायचा. गावाकडं मैदान होतं, चेंडू नव्हता. भिवंडीत, निजामपुऱ्यात लूम चालवणाऱ्या पोरांकडं चेंडू होता, मैदान नव्हतं. ती पोरं चेंडू घेऊन गल्ल्यांतनं खेळायची आणि लोकांच्या शिव्या खायची. कोणीतरी त्यांना सांगितलं, मानकोलीकडं जा, तिथं खाडीला लागून मोकळी जागा आहे. ती आली. गोमातात्यानं विचारलं, "आमी पन खेलू का?" ती म्हणाली, "खेलो." असा किनारा क्लब झाला. तेव्हाच ठरलं की एक वर्ष कप्तान गावचा, एक वर्ष निजामपुऱ्याचा. ते आजपर्यंत चुकलेलं नाही. एकदा गावचा कप्तान फार चांगला होता, त्यालाच आणखी एक वर्ष ठेवू म्हणून सगळे म्हणाले, निजामपुऱ्याचीही म्हणाली. हिराबाय म्हणाली, "चांगला हाय तर चांगला खेल म्हनावा. कप्तान कशाला पायजे त्याला?"

फक्की तेव्हा विकत मिळायची नाही. गोमातात्या खाडीतल्या कालवांच्या शिंपल्या भाजून चुना करायचा आणि त्यानं रेघा मारायचा. हिराबाय त्याच्यामागं टोपली घेऊन फिरायची. एकुलती एक पोर. रेतीनं तात्याची कंबर गेली तेव्हा तिनं डबा हातात घेतला. तेलाचा पत्र्याचा डबा, तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं. डबा मरेपर्यंत हातात होता. म्हणजे डबे बदलले, हात तोच.

तिची रेघ मारायची रीत मी दुसऱ्या कोणत्याच मैदानावर बघितली नाही. बाकीचे लोक दोरी धरून पुढं चालत जातात. ही दोरीला तोंड करून कमरेत वाकायची आणि मागं मागं सरकायची, भाताच्या आवणीला बाया रोपं लावत सरकतात तशी. डबा हलवत, न थांबता, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मी एकदा विचारलं, उलटी कशाला जातेस? तर म्हणे, "पुढं गेली तर पाय रेघेवर पडतो. आनि केलेला दिसत न्हाय." गोल वगैरे तिला काही कळायचं नाही. उभं आयुष्य क्लबात गेलं, पण एक सोडली तर मॅच तिनं धड बघितली नाही. शिटी वाजली की घरी यायची आणि दोरी धुवायची, कारण चुना दोरी खातो. दोरीही तिचीच. मी निजामपुऱ्यात लूमवर फिटर होतो. तिथलं वाया गेलेलं सूत मी पिशवीत भरून आणायचो, ती तीन पदरी वेणी घालून दोरी वळायची. कधी हिरवी, कधी लाल, त्या आठवड्यात लूमवर जो माल असेल तशी.

मॅच संपून पोरं घरी पाणी प्यायला आली की ती जिंकलात का म्हणून विचारायची नाही. विचारायची, "रेघ किती राहिली?" रेघ बरीच पुसली म्हणजे खेळ चांगला झाला, असा तिचा हिशोब.

पण रेघेवर उगाच कोणी पाय दिला तर खैर नव्हती. गावातल्या एका पोराची वरात, पोरगा क्लबचाच. डीजेचा टेंपो मैदानातनं आडवा न्यायचा बेत होता. हिराबाय नुकतीच रेघा मारून उठलेली. टेंपोसमोर जाऊन उभी राहिली.

"भोवताली जा."

"काकी, आजचा दिवस जाऊ दे ना. नवरदेव हाय गाडीत."

"नवरदेवाला विचार."

नवरदेव खिडकीतनं डोकं काढून म्हणाला, "अरे, भोवताली घे, न्हायतर उद्या मना खेलवनार न्हाय ही!" वरात अर्धा तास भोवताली नाचत गेली.

हे मी हसण्यावारी नेत होतो. रेघेचं खरं काम काय ते मला तिचा हात मोडला तेव्हा कळलं. आमच्याकडं आता चहूबाजूंनी गोदामं आहेत. भाताची शेतं गेली, मिठागरं गेली, रात्रंदिवस कंटेनर. ट्रकवाल्यांना उभं राहायला जागा नाही. हिराबाय विहिरीजवळ घसरली, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, पावसाचे दिवस, मॅचही नव्हत्या. तीन आठवडे रेघ पडली नाही. चौथ्या आठवड्यात मैदानात चार कंटेनर उभे. चाकांचे खड्डे, तेलाचे डाग. ड्रायव्हरना विचारलं तर म्हणाले, "हमको लगा खाली जगह है." त्यांना हटवता हटवता दोन महिने गेले. इकडं अर्ज, तिकडं अर्ज. शेवटी हिराबायनं प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून डाव्या हातानं डबा धरला आणि उभ्या कंटेनरच्या भोवती रेघा मारल्या. वाकड्यातिकड्या. चाकांना खेटून. तीन दिवसांत कंटेनर गेले.

"ड्रायव्हरला मानूस दिसत न्हाय, पाटी दिसत न्हाय," ती म्हणाली. "रेघ दिसते. त्याचा सगला जनम रेघेवरच जातो."

तेव्हापासून मॅच असो नसो, दर रविवारी रेघ. पाऊस असला तर पाऊस थांबल्यावर. मी कुरकुर करायचो, कोणी खेळत नाही आणि तू फक्की कशाला वाया घालवतेस? ती टोक माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "धरा."

दुसरा तिचा हट्ट म्हणजे वॉकओव्हर. संघ मैदानात आलाच नाही तर समोरच्याला फुकट विजय देतात, तो वॉकओव्हर. किनारा क्लबनं असा एकही दिलेला नाही. कप आमच्याकडं फार नाहीत, दोन आहेत आणि एकाचा कान तुटलाय. पण हे एक आहे. एका वर्षी भिवंडीत वातावरण बिघडलं, शहरात संचारबंदी लागली. रविवारी आमच्या मैदानावर मॅच. समोरचा संघ कल्याणकडनं वेळेवर हजर. आमची निजामपुऱ्याची पोरं अडकलेली, गावचे सहाच. नियम असा की सातपेक्षा कमी असले तर मॅच होत नाही. हिराबायनं माझ्याकडं बघितलं.

"मी?" मी म्हटलं. "मला चेंडू लाथाडता येत नाही."

"लाथाडू नका. उभं राव्हा."

गोलकीपर नासीर निजामपुऱ्याचा, तो नव्हता. त्याचा शर्ट मला घातला. गुडघ्यापर्यंत आला. नऊ गोल झाले. एक माझ्या पायातनं गेला, एक मी पाठ करून उभा असताना. समोरची पोरंसुद्धा शेवटी लाजायला लागली. मॅच संपायला दहा मिनिटं असताना मिठागराच्या बाजूनं एक माणूस येताना दिसला, मांड्यांपर्यंत चिखल. नासीर. शहरातले रस्ते बंद म्हणून खाडीकाठानं, चिखलातनं आला होता. हिराबाय त्या दिवशी पहिल्यांदाच मॅच संपेपर्यंत थांबलेली. ती त्याला म्हणाली, "इतका उशीर?"

"आपा, पानी था इधर तक," तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

"पोहता येत न्हाय का?"

मी शर्ट काढून दिला आणि बाहेर आलो. नासीर उभा राहिल्यावर साधा गोल एकही झाला नाही. फक्त शेवटी पेनल्टी मिळाली समोरच्यांना, ती आत गेली. दहा.

आता या नासीरचं सांगायला हवं, कारण हिराबायची सगळ्यात मोठी चूक त्याच्यावर पडली.

नासीर माझ्याच कारखान्यात लूम चालवायचा. गोलकीपर म्हणून चांगला, मांजरासारखा उडायचा. पण पेनल्टी त्याला आमच्या मैदानावर कधी म्हणजे कधी अडवता आली नाही. बाहेर अडवायचा, घरी नाही. पोरांनी त्याचं नाव दरवाजा पाडलं. नासीर दरवाजा, चोवीस तास उघडा. कारखान्यात, चहावाल्याकडं, सगळीकडं हेच. वीस वर्षं ऐकलं आणि मग एक दिवस त्यानं हातमोजे हिराबायच्या ओट्यावर आणून ठेवले. म्हणाला, "बस आपा, अब जवान लडका लाओ." तिनं आणला. तोही घरी एक पेनल्टी अडवेना. आमची पोरं मात्र घरी पेनल्टी मारण्यात पटाईत, आणि बाहेर गेली की चेंडू सरळ गोलकीपरच्या हातात. लोक म्हणायचे, किनाऱ्याच्या मातीतच काहीतरी आहे.

मातीत काही नव्हतं. पाच-सहा वर्षांमागं लीगनं एक पंच पाठवला, कर्णिक सर. निवृत्त मास्तर, निजामपुऱ्यापलीकडं राहतात, शर्टाची घडी मोडत नाही असा माणूस. मॅचआधी त्यांनी खिशातनं टेप काढला. कोणत्याच पंचानं कधी काढला नव्हता. गोलपासून पेनल्टीच्या टिपक्यापर्यंत मापलं. पुन्हा मापलं. मग दुसरीकडचं.

"हिराबाई," ते म्हणाले, "हा टिपका कोणी टाकला?"

"मी."

"कसा मापता?"

"बारा पावलं. बापानं सांगितली तशी. लांब लांब बारा."

"बाई, छत्तीस फूट लागतात. हे साडेएकतीस आहेत. साडेचार फूट कमी!"

तात्या ताडासारखा होता हे मी वर सांगितलंय. हिराबाय माझ्या खांद्याला लागायची. बापानं बारा पावलं सांगितली, पोरीनं बारा टाकली, आणि पाय बदलले हे चाळीस वर्षांत एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, मी तर फिटर, सुताचा फरक ओळखणारा.

समोरच्या संघाचा मॅनेजर ओरडायला लागला, फसवणूक, फसवणूक. हिराबाय त्याच्यासमोर गेली. "तुमची पोरा पेनल्टी कुठनं मारतात? याच टिपक्यावरनं ना? मंग तुमाला पन जवल आनि आमाला पन जवल. फसवला कोनाला?" कर्णिक सर म्हणाले, "त्यांचं म्हणणं बरोबर आहे. माप चूक आहे." आणि त्यांनी अहवालात तसंच लिहिलं. लीगकडनं पत्र आलं की पुन्हा माप चुकलं किंवा मॅच झाली नाही तर मैदान यादीतनं काढू. पुढच्या रविवारी कर्णिक सर स्वतः आमच्या घरी आले, अंगणाच्या भिंतीवर टेप लावून दोन खिळे ठोकून दिले आणि चहा पिऊन गेले. तेच हे खिळे.

पण पत्रापेक्षा वेगळंच काहीतरी तिला खात होतं. तिसऱ्या दिवशी सुक्या बोंबलांची पुडी बांधली आणि म्हणाली, "चला नासीरकडं."

कारखान्यात गेलो. लूमच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तिनं मला सांगितलं, लूम बंद करा. मी निवृत्त झालेला, तरी खटका खाली केला. चारी लूम थांबले. कामगार वळून बघायला लागले. नासीर म्हातारा झाला होता, दाढी पांढरी, एक गुडघा वाकत नव्हता.

हिराबाय सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "नासीर, तू दरवाजा न्हाय. टिपका जवल था. मेरी गलती. साडेचार फूट." आणि हातानं दाखवलं, साडेचार फूट म्हणजे केवढं.

नासीरनं तिच्या दोन हातांमधलं अंतर बघितलं. मग म्हणाला, "आपा, बीस साल!"

"हां."

"मैं रात को सोचता था, हाथ छोटे हैं मेरे."

"हात चांगले हायत तुझे."

मग तो हसला. म्हणाला, "मेरे को मत बोलो. ऊपर चलो, मेरी बीवी को बोलो. उसने सबसे ज्यादा ताने मारे." आणि खरोखरच तिला जिना चढवून कारखान्यावरच्या त्याच्या खोलीत घेऊन गेला. हिराबायनं त्याच्या बायकोला सगळं पुन्हा सांगितलं, हात पसरून, साडेचार फूट. बायको म्हणाली, "तो अब मैं क्या बोलूँ इसको?" नासीर म्हणाला, "खिडकी बोल." तिथं आम्ही जेवूनच निघालो.

त्यानंतर हिराबाय गाठीच्या दोरीनंच टिपका टाकायची. पण आधी स्वतःची बारा पावलं टाकायची, मग वर आणखी दोनाला थोडी कमी, मग दोरी लावून बघायची. मी म्हटलं, दोरी आहे तर पावलं कशाला? म्हणाली, "पायाला पन कलू दे."

तर शनिवार.

संध्याकाळी तिला पोचवून आम्ही खाडीवरनं परत येत होतो. गावची माणसं, निजामपुऱ्याची माणसं, मागं लंगडत नासीर. मैदानाजवळ आलो तर कोपऱ्यात एक कंटेनर. पुढची दोन चाकं आत. गेल्या रविवारची रेघ आठवड्याभरात पुसट झालेली. ड्रायव्हरचा दोष नाही, त्याला दिसलीच नसणार.

यंदाचा कप्तान निजामपुऱ्याचा. तो माझ्याजवळ आला. "काका, उद्याची मॅच रद्द करतो. लीगवाले समजून घेतील."

"समजून घेतील. आणि वहीत काय लिहितील?"

तो खाली बघायला लागला. "वॉकओव्हर लिहितात, काका. घरचा संघ मैदान देत नसेल तर तेच लिहितात."

मला त्या क्लबचा तेव्हा रागच आला होता, खरं सांगतो. चाळीस वर्षं तिनं तिथं कंबर मोडली आणि मला वाटलं, आता बस. होऊ दे गोदाम, राहू देत ट्रक. घरी आलो. कल्याणला दिलेली आमची लेक सुनंदा आलेली, ती रडत होती. बाया बसल्या होत्या. ओट्यावर फक्कीचा डबा भरून ठेवलेला, वर चाळणी, बाजूला दोरीची गुंडाळी. गाठ नवीन. तिनं दातांनी मारलेली.

सकाळी सहाला मी डबा उचलला.

"बाबा, कुठं?" सुनंदा म्हणाली.

"मैदानावर."

"सुतक हाय घरात. लोक काय म्हनतील?"

"लोकांना फक्की मारता येते का विचार."

मैदानावर दव पडलेलं. कंटेनर तिथंच, ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला. दोरी सोडली आणि मग लक्षात आलं की दुसरं टोक धरायला कोणी नाही. खुंटी आणली नव्हती. दगड शोधत होतो तर रस्त्यावर रिक्षा थांबली. नासीर उतरला, गुडघा धरत.

"मेरे को मालूम था तू आएगा," तो म्हणाला.

"मला माहीत नव्हतं. तुला कसं?"

तो वाकला, टोक उचललं आणि कोपऱ्याकडं चालायला लागला. दोरी ताणली. मी डबा हलवत निघालो. आयुष्यात पहिल्यांदा. दहा-बारा फूट गेलो तर तो लांबनं ओरडला, "पीछे देख! साँप गया क्या इधर से?"

बघितलं. माझ्याच पायांनी रेघ फरफटलेली, चपलांचे ठसे पांढरे. ते पायानं पुसलं. मग पुन्हा कोपऱ्यात गेलो, दोरीला तोंड केलं, कमरेत वाकलो आणि मागं सरकलो. तरुणपणी खारबावला आवणी केलीये मी, कंबर विसरली होती, पण पाय विसरले नव्हते. रेघ समोर उमटत गेली. फार सरळ नाही, पण रेघ.

कंटेनरच्या कोपऱ्यात आलो तेव्हा ऊन पडलं होतं. चाकापर्यंत रेघ नेली आणि थांबलो. ड्रायव्हर आवाजानं उठला, खिडकीतनं खाली बघितलं.

"चाचा, मैच है क्या?"

"है. नौ बजे."

त्यानं चाकाखाली जाणारी रेघ बघितली, आळस दिला, आणि गाडी चालू करून मागं घेतली. पार रस्त्यापर्यंत. राहिलेली हातभर रेघ मी भरली.

टिपके शेवटी. मी बारा पावलं टाकली. माझी पावलं तिच्यापेक्षा मोठी, तात्यापेक्षा लहान, मी भलतीकडंच पोचलो. मग गाठीची दोरी लावून टिपका टाकला. दुसऱ्या गोलकडं नासीर म्हणाला, "आपावाला भी दिखा." मी तिचा जुना टिपका कुठं असायचा ते टाचेनं खुणावलं. तो गोलमध्ये जाऊन उभा राहिला, हात पसरले, त्या खुणेकडं बघितलं आणि मान हलवली.

"इतने पास से! कोई माई का लाल रोक के दिखाए."

मी खूण पायानं पुसून टाकली. मॅचमध्ये घोटाळा नको.

साडेआठला कर्णिक सर आले. मला बघून थबकले. टेप काढला. दोन्हीकडं मापलं.

"इंचभर जास्त आहे," ते म्हणाले.

"चालेल का?"

"चालेल."

पोरं आली, दोन्ही संघ रेघेबाहेर उभे राहिले. कप्तान मला म्हणाला, काका, बसा, खुर्ची आणतो. मी म्हटलं, मला घरी काम आहे. दोरी गुंडाळली आणि निघालो. गल्लीत शिरताना शिटी ऐकू आली. मॅचचं काय झालं ते क्लबच्या वहीत आहे, तिथं बघा.

घरी येऊन नळाखाली दोरी धरली. चुना निघता निघत नव्हता. बोटं भाजायला लागली. ती हातांना रोज खोबरेल का लावायची ते कळलं. सुनंदा दारात उभी राहून बघत होती. दोरी धुऊन झाली पण ओल्या दोरीनं पाणी सोडेना, एकट्यानं पिळता येईना. सुनंदा पुढं आली, दुसरं टोक घेतलं, मी एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला पीळ दिला. पाणी पांढरं गळलं, मग स्वच्छ गळायला लागलं. शेवग्याकडच्या खिळ्यावर दोरी वाळत घातली.